तालीम, जिल्हा आणि किताब : महाराष्ट्रातील कुस्ती स्पर्धांच्या रचनेचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : अकलूज)

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात कुस्तीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. गावोगावच्या तालमी, यात्रा-जत्रांतील मैदाने, हलगीचा कडकडाट आणि लाल मातीत रंगणाऱ्या लढती हा ग्रामीण महाराष्ट्राचा अभिमानाचा विषय राहिला आहे. मात्र कुस्तीविषयक लेखन बहुतांशी नामवंत मल्लांच्या चरित्रांभोवती आणि गाजलेल्या लढतींच्या वर्णनांभोवती फिरताना दिसते. स्पर्धा कोण भरवतो, मल्ल कोणाच्या नावाने आखाड्यात उतरतो आणि विजयाचे श्रेय कोणाच्या खाती जमा होते, हे प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहिले. खेळाच्या इतिहासात स्पर्धेचे 'एकक' कोणते, म्हणजे व्यक्ती, क्लब, गाव की जिल्हा, हा प्रश्न मूलभूत असतो. कारण पैसा, प्रतिष्ठा आणि नोंद या तिन्ही गोष्टी त्या एककाकडे वळतात. प्रस्तुत लेखात याच दृष्टिकोनातून महाराष्ट्रातील कुस्ती स्पर्धांच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) मैदानी कुस्तीपासून संघटित अजिंक्यपद स्पर्धेपर्यंतच्या स्थित्यंतराचा मागोवा घेणे.
२) या स्थित्यंतरात तालीम या संस्थेचे स्थान कसे बदलले, ते तपासणे.
३) अकलूजच्या संदर्भात सहकारी चळवळीने कुस्तीला दिलेल्या आश्रयाचे स्वरूप समजून घेणे.

तालीम आणि मैदान :

कुस्तीची मूळ संस्था म्हणजे तालीम. कोल्हापुरातील गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, त्याचप्रमाणे पुण्यातील चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावे कुस्तीशौकिनांना सुपरिचित आहेत. वस्तादाच्या देखरेखीखाली हौद्यात होणारा सराव, एकत्र निवास, एकत्र खुराक आणि गुरुबंधूंचे नाते यांमुळे तालीम ही केवळ व्यायामशाळा न राहता एक कुटुंबसंस्था बनली. पाश्चात्त्य खेळांतील क्लबला जे स्थान आहे, त्याहून अधिक घट्ट असे हे बंधन होते.

तालमीत घडलेल्या मल्लाची कसोटी लागे ती मैदानात. ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त यात्रा समिती कुस्त्यांचे मैदान भरवी. त्यासाठी गावातून वर्गणी जमा होई. लहान मुलांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होऊन इनामाची रक्कम चढत जाई आणि दिवस कलताना पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागे. जोडी बहुधा आधीच नेमलेली असे. वेळेचे बंधन सैल होते. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, अन्यथा पंच ती बरोबरीत सोडवीत.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. मैदानातील प्रत्येक कुस्ती स्वयंपूर्ण असते. आजच्या विजयाचा उद्याच्या लढतीशी नियमाने बांधलेला संबंध नसतो. संबंध असतो तो केवळ कीर्तीचा. अमुक मल्लाने अमुक मल्लाला चितपट केले, ही वार्ता गावोगाव पसरे आणि त्यावरून पुढच्या मैदानातील जोड व इनाम ठरे. लीग स्पर्धेत गुणतक्ता जे काम करतो, ते काम येथे लोकांची स्मृती करीत असे. अर्थात स्मृतीवर चालणाऱ्या व्यवस्थेत लहान तालमींची व दुय्यम मल्लांची नोंद टिकणे अवघड होते.

संस्थानी आश्रय :

या विखुरलेल्या मैदानी परंपरेला भव्य अधिष्ठान मिळाले ते राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या काळात (कारकीर्द १८९४ ते १९२२). १९०२ मधील युरोप प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदानाची उभारणी झाली आणि १९१२ मध्ये ते खुले झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी प्रेक्षकांची बैठक, ही रचना कुस्तीला यात्रेच्या माळावरून कायमस्वरूपी वास्तूत आणणारी ठरली. महाराजांनी तालमींना आश्रय दिला आणि उत्तरेकडील नामांकित मल्लांनाही कोल्हापुरात पाचारण केले. त्यामुळे स्थानिक मल्लांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी लाभले.

तथापि आश्रयदाता एक आणि निर्णयही त्याचाच, असे या काळातील स्पर्धेचे स्वरूप होते. संस्थाने विलीन होताच हा आधार खचला. खाशाबा जाधव यांचे उदाहरण या संक्रमणकाळावर प्रकाश टाकते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावे स्थान मिळविले. त्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र त्यांना लोकवर्गणीवर विसंबावे लागले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना मदत केली. हेलसिंकीत खाशाबांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते पदक राजाश्रय संपल्यानंतरच्या आणि संघटनात्मक आश्रय उभा राहण्यापूर्वीच्या पोकळीत मिळाले, हे विसरता येत नाही.

परिषद आणि किताब :

ही पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये ही परिषद अस्तित्वात आली. परिषदेच्या वार्षिक मेळाव्याला 'अधिवेशन' म्हटले जाऊ लागले. हा शब्द साहित्य आणि राजकारण या क्षेत्रांतून आला असून संघटित होण्याची आकांक्षा त्यातून व्यक्त होते. राष्ट्रीय पातळीवर १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हे हिंदकेसरी ठरले. १९६१ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील अधिवेशनात दिनकर दह्यारी यांनी 'महाराष्ट्र केसरी' हा किताब पटकाविला.

अधिवेशनाने मैदानी कुस्तीत नसलेल्या तीन गोष्टी आणल्या. पहिली म्हणजे वजनगट. दुसरी म्हणजे बाद फेरीची पद्धत, जिच्यामुळे एका लढतीचा निकाल पुढच्या लढतीशी बांधला गेला. आणि तिसरी म्हणजे लेखी नोंद. पुढे गादी आणि माती असे दोन विभाग रूढ झाले व दोन्ही विभागांतील विजेत्यांमध्ये किताबाची अंतिम लढत होऊ लागली. आंतरराष्ट्रीय नियमांची गादी आणि परंपरेची माती यांच्यात साधलेली ही महाराष्ट्राची खास तडजोड होय. जुन्या संकेताचा प्रभावही सहजासहजी ओसरला नाही. काही वर्षी अंतिम कुस्ती निकाली न झाल्याने किताब कोणासही दिला गेला नाही. महिलांसाठी ही वाट बरीच उशिरा खुली झाली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगली येथे झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.

जिल्हा हे एकक :

परिषदेच्या रचनेत मल्ल जिल्ह्याच्या किंवा शहराच्या नावाने उतरतो. विशेष म्हणजे परिषदेशी संलग्न जिल्हा संघटना अनेक ठिकाणी 'जिल्हा तालीम संघ' या नावाने ओळखल्या जातात. नावात तालीम राहिली, परंतु स्पर्धेत ती उतरली नाही.

याच काळात महाराष्ट्रातच निराळी वाट चोखाळली गेली होती. १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डॉ. कांगा क्रिकेट लीगमध्ये क्लब हेच स्पर्धेचे एकक ठरले. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना हे क्लब आपापल्या नावाने खेळले. चांगली कामगिरी करणारा संघ वरच्या विभागात जाई, तर पिछाडीवरचा खाली येई. परिणामी क्लबचा स्वतःचा इतिहास निर्माण झाला. क्लब हे एकक असले की त्याचे भवितव्य सुरक्षित राहते, असेही नाही. आयर्लंडमधील रग्बीचे क्लब एकोणिसाव्या शतकापासून लेन्स्टर, मन्स्टर आदी प्रांतांच्या करंडक स्पर्धांत खेळत आले आणि १९९०-९१ मध्ये त्यांची अखिल आयर्लंड लीग सुरू झाली. परंतु १९९५ मध्ये तो खेळ व्यावसायिकतेस खुला झाल्यावर अव्वल खेळाडू प्रांतिक संघांकडे गेले आणि क्लबांचे महत्त्व ओसरले. तरीही तेथील क्लबांपाशी स्वतःच्या विजयांची लेखी परंपरा उरली. महाराष्ट्रातील तालमींना ती संधी अधिकृत स्पर्धेने मुळातच दिली नाही.

याचे ठळक उदाहरण अलीकडच्या अंतिम लढतींत आढळते. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात किताबाची लढत झाली व सदगीर विजयी ठरला. जानेवारी २०२३ मध्ये नांदेडकडून उतरलेल्या शिवराज राक्षे याने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला नमविले. कागदोपत्री या चार जिल्ह्यांच्या लढती होत्या. प्रत्यक्षात चौघेही अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांच्या पुण्यातील तालमीत सराव करणारे पठ्ठे होते. राक्षे हा तर मूळचा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर परिसराचा. तालीम घडविते आणि जिल्हा मिरवितो, असेच या व्यवस्थेचे वर्णन करावे लागेल.

अकलूज आणि सहकाराचा आश्रय :

संस्थानी आश्रयाची जागा पश्चिम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर सहकारी साखर कारखानदारीने घेतली. माळशिरस तालुक्यातील नीरा नदीकाठचे अकलूज हे त्याचे बोलके उदाहरण आहे. सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे कारखाना, शिक्षणसंस्था आणि बाजारपेठ यांचा विकास झाला. त्याच सुबत्तेतून कुस्तीलाही बळ मिळाले. १९७६ मध्ये महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन अकलूज येथे झाले आणि हिरामण बनकर यांनी किताब जिंकला. २०११ मध्ये पुन्हा अकलूजला यजमानपद लाभले. त्यावेळी नरसिंग यादव यांनी आपल्या सलग तीन किताबांपैकी पहिला किताब येथे मिळविला. शंकरनगर-अकलूज येथील 'त्रिमूर्ती केसरी' स्पर्धेमुळे तालुक्याच्या गावाला कुस्तीच्या नकाशावर स्वतंत्र ओळख मिळाली.

सोलापूर जिल्ह्याची मल्लपरंपराही तितकीच समृद्ध आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील बोरामणीच्या शेख कुटुंबातील इस्माईल शेख (१९८०), अप्पालाल शेख (१९९२) आणि मुन्नालाल शेख (२००२) या तिघांनी महाराष्ट्र केसरी किताब मिळविला. मोहोळ तालुक्यातील सिकंदर शेख याने कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत सराव करून २०२३ मध्ये फुलगाव येथे किताब पटकाविला. जिल्ह्यातील मल्ल सरावासाठी कोल्हापूर-पुण्याची वाट धरतात, ही बाब येथे लक्षणीय आहे. अकलूजसारख्या ठिकाणी स्पर्धेला आश्रय मिळाला. परंतु स्पर्धा भरविण्याचा खर्च दिसतो, तालीम चालविण्याचा दिसत नाही. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खुराक आणि वस्तादाची वर्षानुवर्षांची मेहनत यांचा भार मल्लाचे कुटुंब व तालीम यांच्यावरच राहिला.

हा भार मल्ल पेलतो तो मुख्यतः यात्रेतील मैदानांच्या इनामावर. किताब मिळाला की मैदानातील मान आणि इनाम वाढते. म्हणजेच अधिवेशन प्रतिष्ठा देते आणि मैदान उदरनिर्वाह देते. या दोन व्यवस्था परस्परविरोधी नसून परस्परावलंबी आहेत. म्हणूनच अधिवेशनाला सहा दशके उलटूनही मैदाने ओस पडली नाहीत.

लीगचे प्रयोग आणि संघटनात्मक फूट :

संघनिहाय कुस्तीचा प्रयोग २०१५ मध्ये प्रो रेसलिंग लीगने राष्ट्रीय स्तरावर केला. २०१८ मध्ये महाराष्ट्रातही दूरचित्रवाहिनीच्या पुढाकाराने कुस्ती दंगल स्पर्धा झाली. मात्र या दोन्ही प्रयोगांत संघ होते ते शहरांचे वा प्रदेशांचे, मालकांनी विकत घेतलेले. लीग आली, पण तालीम पुन्हा बाहेरच राहिली.

दरम्यान संघटनात्मक वादामुळे किताबाचे ऐक्यही भंगले. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव येथे दोन स्वतंत्र महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. फुलगावच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखकडून पराभूत झालेला शिवराज राक्षे त्याच महिन्यात धाराशिव येथे विजेता ठरला. २०२५ मध्येही अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जत येथे वेताळ शेळके असे दोन विजेते झाले. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. तीन वेळा किताब जिंकणाऱ्या विजय चौधरी यांची शासनाने पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्ती केली होती. किताबाला असे मूल्य असताना एकाच वर्षी दोन विजेते झाले, तर शेतकरी कुटुंबातील मल्लाच्या दहा-बारा वर्षांच्या कष्टांचे मोल कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतो.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील कुस्ती स्पर्धा यात्रेच्या मैदानातून संस्थानी आश्रयाकडे, तेथून परिषदेच्या अधिवेशनाकडे आणि सहकाराच्या आश्रयाकडे विकसित झाली. नवी व्यवस्था आली तरी जुनी लोप पावली नाही.

२) या प्रवासात आश्रयदाते बदलले, राजा, परिषद, कारखाना आणि वाहिनी यांनी आपापले नाव स्पर्धेला दिले. परंतु मल्ल घडविणारी तालीम अधिकृत स्पर्धेचे एकक कधीच बनली नाही.

३) किताबाची विश्वासार्हता ही त्याच्या एकमेवत्वावर अवलंबून असते. संघटनात्मक फुटीने त्यालाच धक्का लागला असून त्याची झळ प्रत्यक्ष मल्लाला बसते.

४) अधिवेशनाच्या नोंदीत जिल्ह्यासोबत तालीम व वस्ताद यांच्या नावांचा समावेश करणे आणि तालमींच्या संघनिहाय स्पर्धा जिल्हा पातळीवर भरविणे, हे दोन उपाय अल्प खर्चात शक्य आहेत. अकलूजसारखी मैदान, प्रेक्षक आणि आयोजनाचा अनुभव असलेली ठिकाणे यात पुढाकार घेऊ शकतात.

मातीतली कुस्ती लोकांच्या स्मरणावर जगली. ज्या पिढीने ती मैदाने पाहिली ती आता थकत चालली आहे. अशा वेळी जुन्या मैदानांची हस्तपत्रके, तालमींतील छायाचित्रे आणि वस्तादांच्या आठवणी यांचे संकलन करणे हे परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचेही कर्तव्य ठरते. अन्यथा विजेत्यांची यादी तेवढी उरेल आणि ते विजेते ज्या हौद्यात घडले, त्या हौद्याचा इतिहास मात्र अलिखितच राहील.