तिघे बसले, तिघेही नापास

परवा भाचीचा फोन आला. परदेशी विद्यापीठात प्रवेश हवाय, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे, आणि स्वारी घाबरली आहे ती बोलण्याच्या भागाला. "अरे मामा, समोर माणूसच नसतो! मायक्रोफोनशी बोलायचं!" तिला धीर यावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगितली. तीच इथेही लिहून ठेवतो.

१९१३ साली केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. एकूण १२ तासांची! फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, तिथून परत इंग्रजीत भाषांतर, व्याकरण, साहित्य, निबंध आणि चक्क ध्वनिशास्त्र. शिवाय श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण. निबंधाच्या विषयांत एक होता १८५७ चा उठाव. अर्थात पेपरात 'इंडियन म्युटिनी'. पहिल्या वर्षी बसले तीन जण. तिघेही नापास!

तरी परीक्षा चालू राहिली. १९३२ मध्ये ध्वनिशास्त्र वगळलं, निबंधाचे विषयही सर्वसाधारण झाले.

पुढे अमेरिकेत वेगळीच अडचण आली. परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज वाढले, ते सगळे एकाच मापाने मोजायचे कसे? १९६४ पासून टोफेल सुरू झाली. भाषेचे तुकडे करून एकेक तपासायचा, असा तो काळ. रॉबर्ट लाडोचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १९६१ चं. व्याकरण, शब्द, वाचन, ऐकणं, सगळं चार पर्यायांत. लेखनकौशल्यसुद्धा पर्यायांवर खूण करून! बोलणं मात्र नव्हतंच. ते सर्वांना सक्तीचं झालं २००५ च्या इंटरनेटवरच्या परीक्षेपासून.

मी पेन्सिलीने गोळे काळे करणाऱ्या पिढीतला. फी डॉलरमध्ये होती, त्यामुळे बाबांनी ती भरताना किती वेळा हिशेब केला ते आठवतं. गुण झकास मिळाले. पेढे वाटले. आणि तिकडे पहिल्याच आठवड्यात, प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने काय विचारलं ते तीनदा ऐकूनही कळेना. मी आपला "यस, यस" म्हणत राहिलो. तो कंटाळून दुसऱ्याकडे गेला. त्या रात्री गुणपत्रिका काढून पाहिली होती. वाटलं, ही नक्की कोणाची?

म्हणजे १९१३ मध्ये भाषा म्हणजे साहित्य आणि ध्वनिशास्त्र, १९६४ मध्ये चार पर्याय, आता मायक्रोफोन. भाषा म्हणजे काय, हे परीक्षा घेणाऱ्याने आधी ठरवायचं आणि त्यावर पोराचं पुढचं आयुष्य ठरायचं. हजारो अर्ज आले की काहीतरी माप लागणारच, हेही खरं. पण माप म्हणजे माणूस नव्हे.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या तिघांना इंग्रजी येत नव्हतं का?"

"येत असणारच गं. नाहीतर १२ तासांच्या परीक्षेला बसायची हिंमत कोण करेल?"

असो. आता रोज रात्री ती मला फोन करते आणि दोन मिनिटं इंग्रजीत बोलते. मायक्रोफोन मी!