थाळनेरच्या कबरी आणि कॅमेऱ्याची रॉ फाईल

धुळे जिल्ह्यात तापीकाठी, थाळनेरला, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यातली एक अष्टकोनी, कोरीव दगडाची. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ही सल्तनत संपली. आता हे दगडच आपले कागद, आणि तेही झिजताहेत.

जळगावहून कुणी तिथे फोटो काढायला निघालं की मी सांगतो, कॅमेरा ‘रॉ’वर ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा उरतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. खानदेशी उन्हात सावली काळीकुट्ट येते, आणि नक्षी नेमकी त्या सावलीतच असते.

घरी आल्यावर मूळ फाईल (कॅननची सीआर२, निकॉनची एनईएफ) तशीच जपायची. अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने तिची डीएनजी प्रत करायची. हा प्रकार २००४ चा. त्यातून १६ बिटची टिफ काढायची आणि एडिटिंग फक्त तिच्यावर.

अस्सल कागदांसाठी राजवाडे गावोगाव हिंडले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. फोटोलाही तोच नियम लावावा. सावली उजळा, पण पुसलेला नुक्ता स्वतः रंगवू नका. उर्दू वाचणाऱ्याला ठाऊक आहे, नुक्ते बदलले की ‘ब’चा ‘त’ होतो. उद्या कुणी शंका घेतली, तर मूळ फाईल उघडून दाखवता आली पाहिजे.