किल्लारीनंतरचीं मुलें

भूकंपाचा इतिहास लिहिणारा प्रथम मृतांची गणना करतो, मग पडलेल्या घरांची, आणि शेवटीं नव्यानें बांधलेल्या घरांची. वांचलेल्यांच्या मनाचें काय झालें हा प्रश्न त्याच्या वहींत क्वचितच येतो. त्यांतही बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा तर मुळींच येत नाहीं. तीं लहान नसतात म्हणून त्यांस कोणी मांडीवर घेत नाहीं, आणि मोठीं नसतात म्हणून त्यांचें म्हणणें कोणी विचारीत नाहीं. मराठवाड्यांत मात्र हें उपेक्षित प्रकरण लिहावें इतकी सामग्री आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतींचें विसर्जन करून थकलेलीं गांवें गाढ झोपेंत असतां, चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांतील धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें माळवद, म्हणजे उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच घर, झोपलेल्यांच्या अंगावर आलें. किल्लारी, सास्तूर यांसारखीं सुमारें ५२ गांवें जमीनदोस्त झालीं. मृतांचा आंकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगतात. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनीं वांचलेल्या कांहीं स्त्रीपुरुषांस तपासलें, तेव्हां निम्म्याहून अधिकांस मनोविकार जडल्याचें दिसून आलें. त्यांचा अहवाल १९९६ सालीं प्रसिद्ध झाला.

अनाथ झालेल्या मुलांचें काय करावें याचीं दोन उत्तरें त्या वेळीं निघालीं, आणि दोन्ही आजही विचार करण्याजोगीं आहेत. पुण्याचे शांतिलाल मुथ्था व त्यांची भारतीय जैन संघटना यांनीं सुमारें १२०० मुलें पुण्यास नेलीं. त्यांच्या शिक्षणासाठीं वाघोलीस केंद्र उभें राहिलें. दुसरीकडे समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानें नळदुर्गाजवळ ‘आपलं घर’ निघालें, आणि ज्ञानप्रबोधिनीनें हराळीस शाळा काढली. एका पक्षानें मुलांस ढिगाऱ्यापासून दूर नेलें, तर दुसऱ्यानें त्याच मातींत त्यांच्याजवळ जाऊन वस्ती केली.

या कार्यास त्या लोकांनीं मानसोपचार हें नांव दिलें नाहीं. परंतु आज शास्त्र जें सांगतें त्याचा बराच भाग तेथें न सांगतां घडत होता. अशा आघातानंतर मुलास प्रथम हवें असतें तें सुरक्षित छप्पर, ठरलेल्या वेळीं वाजणारी घंटा आणि ज्याच्या घरींही तेंच घडलें आहे असा सोबती. घडलेला प्रसंग त्याच्याकडून बळेंच पुनःपुन्हा वदवून घेणें हितकारक नसतें, हेंही आतां कळून चुकलें आहे. मात्र ज्याचीं दुःस्वप्नें महिनोन् महिने थांबत नाहींत, त्याला घंटेनें भागत नाहीं. त्याला जाणकार माणूसच लागतो. दूर नेण्याविषयीं आमचें मत असें, कीं सहा वर्षांच्या मुलास नवें गांव लौकर आपलें होतें. पंधरा वर्षांच्या मुलाचें तसें नव्हे. त्याला बापाचें शेत ठाऊक असतें, आणि आईची चिता कोठें पेटली तेंही.

असा जाणकार माणूस आपल्याकडे नव्हताच असें नाहीं. पौगंडावस्थेवर स्टॅन्ले हॉल यांनीं १९०४ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. शिकागोस विल्यम हीली यांनीं १९०९ सालीं न्यायालयांत येणाऱ्या मुलांसाठीं मानसशास्त्रीय केंद्र काढलें. आणि मुंबईंत टाटांच्या समाजकार्य विद्यालयानें १९३७ सालींच बालमार्गदर्शन केंद्र उघडलें. मुंबईहून लातूर रेल्वेनें एका रात्रीचें अंतर. तें ओलांडावयास या विद्येस अर्धें शतक पुरलें नाहीं! १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं ठाण्यास मानसिक आरोग्याची संस्था स्थापिली, आणि तिची ‘वेध’ ही विद्यार्थ्यांची परिषद पुढें लातुरासही भरूं लागली.

तोंवर लातूर निराळ्याच कारणानें प्रसिद्धीस आलें होतें. परीक्षेंतील यशाची ‘लातूर पॅटर्न’ ही पद्धत नांवाजली. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठीं लातूर आणि नांदेड या दोन शहरांत खेड्यापाड्यांतून मुलांचे लोंढे येऊं लागले. सोळासतरा वर्षांचा मुलगा भाड्याच्या खोलींत राहतो, खाणावळीचा डबा खातो, आणि दर चाचणीनंतर आपला क्रमांक पाहतो. हेंही एक स्थलांतरच आहे. फरक एवढाच, कीं याला कोणी आपत्ति म्हणत नाहीं, उलट निघतांना पेढे वांटले जातात. घरीं दूरध्वनीवर आई विचारते ती जेवणाचें, वडील विचारतात ते गुणांचें. रात्रीं झोप येत नाहीं, पुस्तक उघडलें कीं छाती धडधडते, हें सांगावयाचें तर बापानें विकलेल्या गुंठ्यांची आठवण होते, आणि मुलगा गप्प बसतो. अशा मुलाशीं उपचारक बोलतो तेव्हां तो उपदेश करीत नाहीं. ‘नापास झालों तर मी कवडीमोल’ हा विचार आणि ती धडधड यांचा संबंध तो मुलाकडूनच शोधून घेतो, व हळूहळू तो विचार तपासावयास शिकवितो.

जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला, कीं शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें, शिकवणीवर्ग धरून, निदान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा. आतां लातूर-नांदेडास पाहावयाचें तें हें, कीं त्याची खोली फी भरण्याच्या खिडकीशेजारीं असते कीं अन्यत्र, आणि तेथें मुलानें सांगितलेलें पालकांस कळवावयाचें कीं नाहीं हें कोण ठरवितो.