‘सरकारी बिमारी’चा माग

‘काळा-आजार’ हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही; रोग मात्र आपल्याकडचा नाही. त्याचे घर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, बंगाल, बिहार आणि आसामात. महिनोन्‌महिने रेंगाळणारा ताप, पोट व्यापणारी पानथरी, झिजत जाणारे अंग आणि काळवंडणारी कातडी ही त्याची लक्षणे. उपचाराविना रोगी बहुधा वाचत नाही. आसामच्या बाजूला त्याला आणखी एक नाव होते : ‘सरकारी बिमारी’. इंग्रजी अंमलापाठोपाठ हा ताप आला, असे लोकांना दिसले होते. या नावात केवळ अज्ञान होते का, या प्रश्नाने मला या इतिहासाकडे नेले.

१८२०च्या दशकात जेसोर भागात अशा तापाची मोठी साथ आली. पुढे तो गारो टेकड्यांच्या पायथ्याशी दिसला आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून वर सरकत गेला. १८९१ आणि १९०१ या दोन खानेसुमारींच्या दरम्यान नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे चतुर्थांशाने घटली. सरकारने तज्ज्ञ पाठवले. जाइल्स यांनी दोष अंकुशकृमीला दिला, रॉजर्स यांना हा तीव्र हिवताप वाटला, आणि खुद्द रोनाल्ड रॉस यांचेही मत हिवतापाकडेच झुकले.

कोडे १९०३ साली सुटू लागले. कलकत्त्याजवळच्या डमडमहून परतलेला एक सैनिक इंग्लंडातील नेटली येथे वारला होता. त्याच्या पानथरीत विल्यम लीशमन यांना बारीक अंडाकृती कण दिसले होते. ते त्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केले. त्याच सुमारास मद्रासेत चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच आढळले. रॉस यांनी दोघांची नावे जोडून जंतूला ‘लीश्मानिया डोनोव्हानी’ म्हटले. त्या सैनिकाचे नाव मात्र कुणाच्या ओठी राहिले नाही.

जंतू सापडला, तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कळेना. प्रथम ढेकणावर संशय गेला आणि बरीच वर्षे त्यातच गेली. इकडे नौगावच्या चहामळ्यांवर डॉक्टर प्राइस यांनी कारण ठाऊक नसतानाच उपाय योजला होता. रोगट चाळी सोडून निरोगी मजुरांना काही शे यार्डांवर नव्या चाळींत हलवायचे. एवढ्यानेच रोग थांबे! त्याचे कारण पुढे उमगले. रोग पसरवणारी वाळूमाशी दूरवर उडत नाही. १९२४ साली कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी तिच्या पोटात जंतू वाढताना पाहिले. पण तिच्या दंशाने रोग होतो, हे सिद्ध व्हायला आणखी अठरा वर्षे लागली. रक्त प्यायलेल्या माशीला नंतर मनुक्यांचा रस दिला, की जंतू भरमसाट वाढून तिचा घसा तुंबतो आणि चावताना ते जखमेत उतरतात, ही युक्ती सापडली. मग १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांवर प्रयोग करून अखेरचा पुरावा दिला.

औषध त्याआधीच आले होते. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील, ना वीज ना नळ अशा खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली अँटिमनीपासून ‘युरिया स्टिबामाइन’ सिद्ध केले. त्याने असंख्य जीव वाचले. पण त्यांचे दुसरे निरीक्षण मला तितकेच मोलाचे वाटते. १९२२ साली त्यांनी नोंदवले, की बऱ्या झालेल्या काहींच्या त्वचेवर पुढे फिकट डाग व गाठी उठतात आणि त्यांत जंतू जिवंत असतात. जंतू गिळून मारणे हे ज्या पेशींचे काम, त्यांच्याच पोटात हा जंतू राहतो आणि वाढतो. बऱ्या झालेल्या माणसाला बहुधा टिकाऊ प्रतिकारशक्ती लाभते. पण शरीराने जंतूला आवरले म्हणजे हाकलले असे नव्हे. माणसाला ताप नसतो, तो कामावर जातो, आणि त्याच्या त्वचेतून वाळूमाशी पुन्हा जंतू उचलू शकते.

हे विसरल्याची किंमत बिहारने मोजली. १९५०च्या दशकात हिवतापासाठी घराघरांत डीडीटी फवारले गेले, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा-आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, १९७०च्या दशकात रोग उत्तर बिहारात साथीच्या रूपाने परतला.

आता नवी औषधे आहेत. २०२३ साली बांगलादेशाने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. भारताचेही उद्दिष्ट तेच : दर तालुकावजा गटात दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण. आनंदाचीच गोष्ट. पण रुग्ण कमी होणे आणि जंतू संपणे यांत अंतर आहे, हे एकदा कळून चुकले आहे.

‘सरकारी बिमारी’ म्हणणाऱ्यांना माशी ठाऊक नव्हती. मात्र रोगाचे येणे राज्यकारभाराशी जोडलेले आहे, एवढे त्यांनी ओळखले होते. फवारणी कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, हा निर्णय आजही सरकारचाच असतो.