काचबंद मोटार आणि कुत्रा

उन्हात उभ्या मोटारीत कोंडलेला कुत्रा उष्माघाताने दगावण्याचा धोका मोटारीइतका जुना नाही. सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्या होत्या. फार तर वर कापडी टप असे. अमेरिकेत १९१९ साली विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे १० टक्केच बंदिस्त होत्या. १९२२ मध्ये एसेक्स कंपनीची स्वस्त बंदिस्त मोटार आली आणि १९२७ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. थंडीवाऱ्यातून माणूस सुटला आणि मागच्या सीटवरचा कुत्रा काचेआड गेला.

काचेआड ऊन किती तापते, हे तेव्हा अज्ञात मुळीच नव्हते. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १७६७ पासून काचेची झाकणे लावलेल्या पेट्या उन्हात ठेवून पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकीत पारा १०० अंशांच्याही वर गेला. मोटारीत हेच घडते. प्रकाश काचेतून आत शिरतो, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि त्यांनी तापवलेली हवा आतच कोंडून राहते. सोस्यूर यांच्या पेटीतून पुढे सूर्यचूल निघाली. मोटारमालकांच्या मात्र हा धोका गावीही नव्हता.

मोटारीतली तापमानाची ही वाढ नेमकी मोजणारा गाजलेला अभ्यास २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला, तोही गाडीत राहून गेलेल्या मुलांच्या काळजीपोटी. बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असताना तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी चढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही.

कुत्र्याची अडचण माणसाहून मोठी. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडून गारवा येतो, पण बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते आणि हा उपाय थकतो. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया धोक्यात येते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत ही वेळ लवकर येते.

कायद्याला या प्रकाराशी जुळवून घ्यायला वेळ लागला. ब्रिटनचा १८२२ चा पहिला प्राणिरक्षण कायदा गुरांना आणि घोड्यांना झोडपणाऱ्यांसाठी होता. इथे तर गुन्हेगार बहुधा कुत्र्यावर जीव टाकणारा मालकच. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही उभ्या मोटारीचा वेगळा उल्लेख नाही, आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात १० ते ५० रुपये दंड सांगितला आहे. जर्मनीने २००१ मध्ये गाडीतल्या कुत्र्यासाठी ताज्या हवेची अट घातली. २००९ साली तर इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये पोलिसांचीच दोन कुत्री तापलेल्या गाडीत मेली. तेव्हा प्रश्न अडाण्यांपुरता नव्हता.

अमेरिकेत टेनेसीने २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१७ पासून, ठरावीक अटींवर, कुत्र्याला वाचवण्यासाठी काच फोडणाऱ्याला संरक्षण दिले. २०१९ मध्ये टेस्लाने मालक नसतानाही वातानुकूलन चालू ठेवणारी सोय आणली. तीत आतले तापमान पडद्यावर ठळक दिसते, जेणेकरून वाटसरूंनी काच फोडू नये.