लोकवर्गणीचा सर्व्हर
तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने 2010 मध्ये हौसेखातर आरंभलेले, आणि ज्याची संहिता कोणासही पाहण्यास व सुधारण्यास मुक्त आहे असे लीचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ 2020 च्या टाळेबंदीत घरोघर अडकलेल्या खेळाडूंचा लोंढा अंगावर घेऊनही तगले, याचे श्रेय स्वयंसेवकांच्या कौशल्याइतकेच त्याच्या चोख हिशेबास द्यावे लागेल. प्रत्येक चाल क्षणार्धात पोचविणारे आणि संपलेला डाव दप्तरी जतन करणारे सर्व्हर वेळोवेळी वाढवावे लागतात. त्यांचे भाडे जाहिरातींतून नव्हे, तर ऐच्छिक देणग्यांतून भागते, आणि कोणत्या यंत्रावर किती खर्च झाला याचा तक्ता सर्वांसमोर खुला असतो. डावांच्या विश्लेषणासाठी तर कित्येकजण आपापले संगणकच राबवू देतात. हिशेबातील ही पारदर्शकता मला खेळाइतकीच उदात्त वाटते. लीचेस चालविणारी संस्था फ्रान्सच्या 1901 च्या संघटनाविषयक कायद्यान्वये नोंदलेली असून नफा घेत नाही.