जुन्या नाण्यांची शुद्धि व पुराव्याचा नाश

राणीसावरगांव येथील एका घरच्या देव्हाऱ्यांतील तांब्याचें एक नाणें गतवर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या पाहण्यांत आलें. तें शिवराई होय, अशी घरांतील वडील माणसांची समजूत आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं तें चिंच व राख लावून घांसावयाचें, हा त्या घरचा तीन पिढ्यांचा परिपाठ. नाणें नव्या तांब्याप्रमाणें लखलखत होतें. परंतु त्यावर वाचण्याजोगें एकहि अक्षर राहिलेलें नव्हतें. कडेस ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा व मध्यें एक उभी रेघ, एवढाच अवशेष. ती रेघ ‘राजा’ शब्दांतील काना, कीं दुसऱ्याच एखाद्या अक्षराचा दंड, हें आतां कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. शिवछत्रपतींच्या नांवाचीं नाणीं त्यांच्या पश्चात् दीर्घकाळ पाडलीं जात होतीं. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ह्या लेखांतील अक्षरांचें वळण, ऱ्हस्वदीर्घाचा भेद, वजन व ठिपक्यांची ठेवण ह्यांवरूनच त्यांच्या कालाचा तर्क करावा लागतो. तींच साधनें पुसून गेलीं, म्हणजे हातीं उरतो तो तांब्याचा तुकडा.

त्या घरास नांवें ठेवण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं शिशाचें एक मळकट नाणें आमच्या हातीं आलें होतें. त्यावर हत्ती स्पष्ट होता व त्याच्या वर ब्राह्मी लेखाचीं दोन अक्षरें लागत होतीं. उरलेलीं लागावींत ह्या लोभानें आम्हीं तें रात्रभर लिंबाच्या रसांत ठेविलें. सकाळीं पाहतों तों हत्तीची सोंडहि नाहीं व लेखहि नाहीं. आदल्या दिवशीं वाचलेलीं तीं दोन अक्षरें कोणतीं, हें आम्हीं कोठें टिपून ठेविलें नव्हतें. ठसा घेतला नव्हता, वजनहि केलें नव्हतें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीच्या प्रकरणीं तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें ह्यांची शुद्धि क्षार, अम्ल व पाणी ह्यांनीं यथायोग्य करावी असें सांगितलें आहे. आम्हीं त्यांतील अम्ल तेवढें उचललें व ‘यथायोग्य’ हें सोडून दिलें. शिवाय तें शास्त्र वापरावयाच्या भांड्यांचें आहे, आणि भांड्यावर राजाचें नांव नसतें.

सर्वसामान्य समज असा कीं, मळ वर व नाणें खालीं. मळ काढला कीं नाणें दिसेल. जमिनींत शतकानुशतकें राहिलेल्या तांब्याच्या नाण्याविषयीं हा समज साफ चुकीचा आहे. तेथें धातूचा वरचा भाग स्वतःच पालटून तांबूस, तपकिरी किंवा हिरव्या थराचें रूप घेतो, आणि अक्षरांचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदां त्या थरांतच टिकून असतो. चिंचेंतील अम्ल तो थर विरघळवितें. त्याबरोबर अक्षरेंहि जातात, व खालीं खड्डे पडलेली लाल धातु उघडी पडते.

ह्यांत काय गमावलें जातें हें जोगलटेंभीच्या ठेव्यावरून समजावें. ज्या गोदावरीच्या कांठीं आमच्या तालुक्याचें ठाणें गंगाखेड वसलें आहे, तिच्याच कांठीं वर नाशिक जिल्ह्यांत इ. स. १९०६ मध्यें १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. रेव्हरंड स्कॉट ह्यांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीं सर्व क्षहरात नहपानाचीं. पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. एका अंगास त्रिशिखर पर्वत, दुसऱ्या अंगास उज्जयिनी चिन्ह, आणि त्यांच्याखालून नहपानाचा मुखवटा व ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी लेखांचे तुकडे डोकावत आहेत. नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत क्षहरातवंशाच्या उच्छेदाची जी प्रौढी आहे, तिला ह्या नाण्यांनीं प्रत्यक्ष साक्ष दिली. पराजिताचें मुख विजेत्याच्या चिन्हाखालीं अस्पष्टपणें दिसतें, ह्यांतच त्या साक्षीचें मर्म. आणि घांसण्यांत आधीं नाहींसें होतें तें नेमकें हें अस्पष्टच.

दुसरें उदाहरण आमच्या अधिक जवळचें. इ. स. १९३९ मध्यें तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील (आतां वाशीम) तऱ्हाळें येथें सुमारें १,६०० सातवाहन नाणीं मिळालीं. तीं पोटीन म्हणजे तांबें, शिसें व कथील ह्यांच्या हिणकस मिश्रणाचीं. म. म. वा. वि. मिराशी ह्यांनीं त्यांचा अभ्यास केला व कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हीं पुराणांस अज्ञात नांवें उजेडांत आणिलीं. ह्या नाण्यांवर सबंध लेख क्वचितच उमटलेला असतो; एकावर आरंभ तर दुसऱ्यावर शेवट, असे अवयव जुळवूनच नांव सिद्ध होतें. अशा ठेव्यांतील एकेक अक्षराची किंमत त्यावरून करावी.

मग नाणें कधींच स्वच्छ करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. प्रथम धातु ओळखावी, वजन व व्यास लिहून ठेवावा, दोन्ही अंगांचें छायाचित्र तिरप्या उजेडांत घ्यावें. सोन्यास साध्या पाण्यापलीकडे कांहीं लागत नाहीं. रुप्यावरील काळसर झांक हवेंतील गंधकाची असते. लेख वाचतां येत असेल तर ती तशीच असूं द्यावी. शिशास अम्लाचा स्पर्श तर नकोच, परंतु लांकडी पेटींतहि तें ठेवूं नये. लांकडांतून निघणाऱ्या अम्लाच्या वाफेनें तें पांढरें पडून भुगा होतें. तांब्यावरील मातीपुरतें बोलावयाचें तर, बॅटरींत घालावयाचें ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, त्यांत नाणें कांहीं दिवस ठेवून पाणी बदलीत जावें, आणि सुटलेली माती बाभळीच्या कांट्यानें भिंगाखालीं हळूहळू उकरावी. विहिरीचें अगर बोअरचें पाणी क्षारयुक्त असल्यामुळें वर्ज्य.

एक अपवाद सांगितला पाहिजे. घट्ट व गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो. परंतु फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसूं लागली तर तो रोग होय. आंतील क्लोराइड हवेंतील ओलाव्यानें धातु खात असतो, व पुसल्यानें तो थांबत नाहीं. असें नाणें इतरांपासून वेगळें काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डबींत ठेवावें आणि संग्रहालयांतील जाणकाराकडे न्यावें.

देव्हाऱ्यांतील त्या नाण्याचें वजन करून व छायाचित्र घेऊन आम्हीं तें परत दिलें. घांसण्याकरितां त्याच्या शेजारीं चालू दहा रुपयांचें एक नाणें ठेवावें, ही आमची विनंती घरांतील आजींनीं मान्य केली आहे. ज्या वाचकांच्या घरीं अशीं पूजेंतील नाणीं असतील, त्यांनीं येत्या दिवाळीपूर्वीं त्यांचे ठसे व वजनें मंडळाकडे धाडावींत.